फुजीची रॉ फाइल लॅपटॉपवर बिघडलेली दिसते? सॉफ्टवेअर बदलण्याआधी हे तपासा

पावसाळा सुरू झाला की कोकणातल्या फुजीफिल्मवाल्यांची तक्रार ठरलेली असते. भातखाचराचा, माडांचा, कातळसड्यावरच्या फुलांचा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास दिसतो आणि त्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, लॅपटॉपवर उघडली की त्यातला जीव जातो. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘आता कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ खरं तर पुढच्या लक्षणांपैकी सॉफ्टवेअर बदलून सुटेल असं जेमतेम एखादंच आहे. बाकीची फुकटात सुटतात, फक्त नेमकं कुठे बघायचं ते माहीत हवं.

लक्षणं

आपलं लक्षण कोणतं ते आधी नक्की करा. दोन-तीन लक्षणं एकदम दिसली तर प्रत्येकाचा वेगळा विचार करा, कारण त्यांची कारणं वेगळी असतात.

- आरएएफ फाइल (फुजीची रॉ) उघडतच नाही, किंवा अर्धा फोटो दिसतो आणि खाली करडा पट्टा.
- फोटो उघडताना क्षणभर कॅमेऱ्यातले रंग दिसतात आणि डोळ्यांदेखत उतरतात.
- फोटो एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) अंधारलेला दिसतो, पण सोबतची जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानेच बनवलेला तयार फोटो, नीट असते.
- शंभर टक्के झूम केल्यावर झावळ्या, सुपारीची पानं, भाताची पाती यांत अळ्या वळवळल्यासारखं दिसतं.
- रात्रीच्या फोटोत चेहरे मेणाचे वाटतात.
- लॅपटॉपवर रंग बरोबर, पण फोनवर किंवा लॅबमधून आलेल्या प्रिंटवर फिके.
- समुद्राची रेघ कडेला वाकलेली.

शेवटच्याचं उत्तर एका ओळीचं आहे. फुजीच्या बऱ्याच लेन्सचं वाकणं कॅमेरा स्वतः सरळ करतो आणि तशी नोंद फाइलमध्ये ठेवतो. अडोबीचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर लाइटरूम ती नोंद आपोआप वापरतं. फुकट मिळणाऱ्या डार्कटेबलमध्ये ‘लेन्स करेक्शन’ मॉड्यूल चालू करावं लागतं.

पहिली तपासणी कॅमेऱ्यातच

लॅपटॉप बंद ठेवा. प्लेबॅकमध्ये तो रॉ फोटो पडद्यावर आणा आणि क्यू बटण दाबा. बहुतेक एक्स मालिकेच्या बॉडींवर (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) ‘रॉ कन्व्हर्जन’चा मेनू उघडतो. काही न बदलता एकदा आणि फिल्म सिम्युलेशन (जुन्या फिल्मवर बेतलेली रंगांची सेटिंग) ‘प्रोव्हिया’ करून एकदा अशा दोन जेपेग बनवा.

ही तपासणी पहिली घ्यायचं कारण म्हणजे ती फुकट आहे आणि अर्धे प्रश्न जागच्या जागी निकालात काढते. कॅमेऱ्याने त्याच रॉ फाइलमधून नीट जेपेग बनवली, तर फाइल, सेन्सर, लेन्स सगळं ठीक आहे आणि दोष पुढच्या टप्प्यात आहे. कॅमेऱ्यातूनही फोटो धुरकट किंवा हिरवट आला, तर कुठलंही सॉफ्टवेअर तो जादूने सुधारणार नाही. एक अट आहे: फोटो त्याच मॉडेलवर काढलेला हवा. मित्राच्या एक्स-टी३ ची फाइल तुमच्या एक्स-टी३० मध्ये उघडणार नाही.

मग फाइल आणि कार्ड

विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (.JPG, .RAF) लपवतं, त्यामुळे जेपेगलाच रॉ समजून तासभर रंग ओढत बसणारे कमी नाहीत. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. नंतर आकार बघा. २६ मेगापिक्सेलच्या बॉडीची अनकॉम्प्रेस्ड फाइल साधारण ५५ एमबी भरते. लॉसलेस कॉम्प्रेस्ड असेल तर दृश्यानुसार तिच्या निम्म्याच्या आसपास. त्याच फोल्डरमधली एखादीच फाइल दोन-चार एमबीची असेल, तर कॉपी अर्धवट झाली आहे.

ती फाइल कार्डावरून पुन्हा कॉपी करा, या वेळी दुसऱ्या कार्ड रीडरने. किनाऱ्यावर कार्ड रीडर फार लवकर खराब होतात. खाऱ्या हवेने रीडरच्या पिना काळवंडतात आणि संपर्क मध्येच तुटतो. शे-दोनशे रुपयांचा रीडर बदलल्यावर ‘सॉफ्टवेअर फाइल उघडत नाही’ ही तक्रार पुष्कळदा संपते.

फाइल पूर्ण आहे, कॅमेऱ्यात उघडते, पण लॅपटॉपवर उघडत नाही? मग सॉफ्टवेअरचं वय आणि कॅमेऱ्याचं वय जुळवून बघा. लाइटरूम ६ हे एकदाच विकत घ्यायचं शेवटचं लाइटरूम, आणि त्याचं शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७ मधलं. २०१८ मध्ये आलेल्या एक्स-एच१ किंवा एक्स-टी३ च्या फाइली त्याला कळतच नाहीत. जुनं लाइटरूम सोडायचं नसेल तर अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो. तो आरएएफची डीएनजी, म्हणजे अडोबीच्या रॉ प्रकारातली फाइल, करून देतो आणि ती जुन्या लाइटरूममध्ये उघडते. मात्र मूळ आरएएफ पुसू नका. डीएनजी झालेली फाइल कॅमेरा परत उघडत नाही, आणि फुजीचं स्वतःचं सॉफ्टवेअरही नाही.

लेन्स, हवा आणि व्हाइट बॅलन्स

एसी गाडीतून उतरून थेट किनाऱ्यावर कॅमेरा काढला की पुढच्या काचेवर दव धरतं. फोटो धुरकट येतो आणि दोष रॉ फाइलवर जातो. कॅमेरा बंद पिशवीतच वीस मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवला की पुरतं. दुसरं कारण खाऱ्या तुषारांचा पातळ थर. लेन्सची पुढची काच तिरकी धरून उजेडात बघा. कोरड्या कापडाने घासायच्या आधी ब्लोअर मारा, कारण मिठाच्या कणांनी ओरखडे पडतात.

सुपारीच्या आगरात खाली झिरपणारा उजेड मुळातच हिरवा असतो, आणि जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरासमोर उभ्या माणसाच्या हनुवटीखाली लाल झाक येते. उजेडाची झाक आपोआप काढणारा ऑटो व्हाइट बॅलन्स या दोन्ही ठिकाणी चुकतो. लाइटरूममध्ये पिकरने करड्या वस्तूवर टिचकी मारा. करडं काहीच नसेल तर आगरातल्या फोटोत ‘टिंट’ थोडा जांभळ्याकडे सरकवा आणि मग पानांचा रंग नव्हे, माणसाची त्वचा बघा.

रंग डोळ्यांदेखत उतरतात तेव्हा

सगळ्यात जास्त तक्रार याचीच येते, आणि इथे बिघाड काहीच नसतो. आरएएफ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेली जेपेग असते. सॉफ्टवेअर आधी ती दाखवतं, मग रॉ माहितीवरून स्वतःच्या पद्धतीने चित्र उभं करतं. तुम्ही कॅमेऱ्यात ‘व्हेल्व्हिया’ लावलं होतं आणि लाइटरूमने ‘अडोबी कलर’ लावलं, म्हणून रंग उतरले.

लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये बेसिक पॅनलच्या वरच्या बाजूला ‘प्रोफाइल’ आहे. त्यात ‘कॅमेरा मॅचिंग’ गट उघडा. प्रोव्हिया, व्हेल्व्हिया, अस्टिया, क्लासिक क्रोम वगैरे तिथे मिळतील. दर वेळी हाताने लावायचं नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये ‘प्रीसेट्स’ टॅब उघडा, ‘रॉ डिफॉल्ट्स’मध्ये ‘कॅमेरा सेटिंग्ज’ निवडा. यापुढे इम्पोर्ट होणाऱ्या फोटोंना कॅमेऱ्यातलंच सिम्युलेशन लागेल. आधीच इम्पोर्ट केलेल्यांना ‘रीसेट’ दाबावं लागतं, पण त्याने आधीचं एडिटिंग पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा.

यादीत हवं ते नाव दिसत नसेल तर लाइटरूमला दोष देऊ नका. यादी कॅमेऱ्याच्या मॉडेलवरून ठरते. क्लासिक निगेटिव्ह पहिल्यांदा २०१९ च्या एक्स-प्रो३ मध्ये आलं, नोस्टॅल्जिक निगेटिव्ह २०२१ च्या जीएफएक्स१००एस मध्ये. बहुतेक जुन्या बॉडींना ती मिळत नाहीत.

आणखी एक मर्यादा माहीत असू द्या. प्रोफाइल फक्त सिम्युलेशन आणतं. हायलाइट टोन, शॅडो टोन, ग्रेन, कलर क्रोम हे कॅमेऱ्यातले बाकीचे फेरफार त्यात येत नाहीत. नेटवरच्या ‘रेसिपी’ (अशा सेटिंग्जचे तयार संच) वापरणाऱ्यांचा फोटो म्हणूनच लाइटरूममध्ये कधीच तंतोतंत जुळत नाही, आणि त्यापायी सॉफ्टवेअर बदलणं व्यर्थ आहे. त्यांच्यासाठी फुजीचं एक्स रॉ स्टुडिओ आहे, तेही फुकट. हे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालतं, पण फोटो बनवतो केबलने जोडलेला कॅमेरा, त्यामुळे रंग हुबेहूब येतात. कनेक्शन सेटिंगमध्ये ‘यूएसबी रॉ कन्व्ह./बॅकअप रिस्टोअर’ निवडायचं, केबल लावायची आणि कॅमेरा सुरू करायचा. कॅमेरा सापडत नाही अशी तक्रार आली की आधी केबल बदलून बघा. पॉवर बँकेसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलींतून फक्त चार्जिंग होतं, डेटा जात नाही. काही जुन्या आणि स्वस्त बॉडींना हे जमत नाही. त्यांना कॅमेऱ्यातलं कन्व्हर्जनच वापरावं लागतं.

व्हेल्व्हियाबद्दल एक मत. जुलै-ऑगस्टमधल्या भातखाचरांना व्हेल्व्हिया लावू नये. तो हिरवा रंग मुळातच इतका भडक असतो की वरून आणखी चढवला की पात्यांमधले फरक मिटून एकसलग पट्टा होतो. अस्टिया किंवा प्रोव्हिया लावा, आणि हिरवा पिवळट वाटला तर कलर मिक्सरमध्ये हिरव्याचा ‘ह्यू’ थोडा निळ्याकडे घ्या. सॅच्युरेशनला हात लावू नका. व्हेल्व्हिया उन्हाळ्यातल्या रापलेल्या सड्यासाठी आणि संध्याकाळच्या आभाळासाठी राखून ठेवा.

फोटो अंधारलेला: आधी आयएसओ बघा

भर दुपारी किनाऱ्यावर काढलेल्या फोटोचा आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील त्याचा आकडा) ३२० किंवा ६४० दिसतोय? मग कारण कॅमेऱ्यातली डायनॅमिक रेंज (डीआर) ही सेटिंग. डीआर२०० वर कॅमेरा रॉ एक स्टॉप कमी उजेडात टिपतो, डीआर४०० वर दोन स्टॉप, म्हणजे ढगांचा पांढरा भाग फुटत नाही. जेपेग बनवताना सावल्या परत वर उचलतो. म्हणूनच मूळ आयएसओ १६० असलेल्या एक्स-टी३ किंवा एक्स-टी४ ला डीआर२०० साठी किमान ३२० आणि डीआर४०० साठी किमान ६४० लागतो. मूळ २०० वाल्या एक्स-टी२ ला हेच आकडे ४०० आणि ८००.

लाइटरूम फाइलमधली ही नोंद वाचून उजेड भरून काढतं. डार्कटेबलच्या बऱ्याच आवृत्त्यांत ते हाताने करायचं असतं: एक्सपोजर मॉड्यूलमध्ये डीआर२०० ला +१, डीआर४०० ला +२. फाइल बिघडलेली नाही, फक्त सॉफ्टवेअरला तिची खूण कळलेली नाही. सगळं रॉमध्येच करणार असाल तर डीआर१०० वर पक्कं ठेवा आणि ढग बघून एक्सपोजर स्वतः कमी करा. लग्नात जेपेगही लागत असेल तर डीआर२०० राहू द्या, पण ऑटो नको. ऑटोमुळे एकाच विधीतले फोटो वेगवेगळ्या उजेडात येतात आणि अल्बम करताना डोकं फिरतं.

फोनवर आणि प्रिंटवर फिका

एक्सपोर्टच्या वेळी कलर स्पेस (फाइलमधल्या रंगांचा आवाका) ‘एसआरजीबी’ आहे का, एवढंच आधी बघा. अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटोमध्ये गेलेली जेपेग फोनवर आणि बऱ्याच लॅबच्या मशिनवर मलूल दिसते. हे बरोबर असूनही प्रिंट वेगळी येत असेल, तर लॅपटॉपचा पडदा संशयित. स्वस्त पडद्यांना पुरा एसआरजीबीही दाखवता येत नाही, आणि ब्राइटनेस पूर्ण ठेवून काम केलं की प्रिंट हमखास काळी येते. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, एक ४×६ ची प्रिंट काढून पडद्याशेजारी धरा. महिन्याला दोन-तीन अल्बम जात असतील तर पडद्याचे रंग मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर घ्या. नव्या सॉफ्टवेअरपेक्षा त्याचे पैसे आधी वसूल होतात.

अळ्या: इथे सॉफ्टवेअरचा खरा संबंध येतो

फुजीच्या बहुतेक एक्स मालिकेत एक्स-ट्रान्स सेन्सर असतो. २०१२ च्या एक्स-प्रो१ मध्ये तो पहिल्यांदा आला. इतर ब्रँडच्या बायर सेन्सरमध्ये लाल-हिरवा-निळ्याची मांडणी दर २×२ चौकटीला पुन्हा येते, तर एक्स-ट्रान्समध्ये ६×६ ला. त्या छत्तीस घरांत वीस हिरवी, आठ लाल, आठ निळी. प्रत्येक पिक्सेल एकच रंग टिपतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. बायरसाठी घडवलेलं गणित इथे बारीक, दाट, एकाच रंगाच्या पोतावर अडखळतं. त्यावर शार्पनिंग (कडा ठळक करणं) चढलं की अंदाजातल्या चुका उठून दिसतात आणि अळ्या तयार होतात. कोकणात हा त्रास जास्त जाणवतो, कारण इथे बारीक, दाट आणि हिरवं नाही असं चित्र सापडणंच कठीण.

आधी तुमची बॉडी एक्स-ट्रान्सच आहे का बघा. एक्स-ए मालिका, एक्स-टी१००, एक्स-टी२०० आणि मीडियम फॉरमॅटच्या जीएफएक्स बायर आहेत. त्यांवर अळ्या दिसत असतील तर कारण फक्त अतिशार्पनिंग.

लाइटरूमचं ठरलेलं शार्पनिंग असं असतं: अमाउंट ४०, रेडियस १.०, डिटेल २५, मास्किंग ०. हिरव्या फोटोंसाठी अमाउंट २० च्या आसपास आणा, रेडियस ०.८, डिटेल १५, आणि मास्किंग ४० च्या पुढे. मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढला की शार्पनिंग जिथे लागणार तो भाग पांढरा दिसतो. खोडाच्या, चेहऱ्याच्या, होडीच्या कडा पांढऱ्या आणि पानांचा गर्दा काळा झाला की थांबा. कमी पडलेला कुरकुरीतपणा ‘टेक्स्चर’मधून थोडा भरा. एक्सपोर्टमधलं ‘शार्पन फॉर’ बंद करा. तो दुसरा थर असतो आणि पुष्कळांना तो चालू आहे हे माहीतही नसतं.

एवढ्याने भागलं नाही तर ‘एनहान्स’मधलं ‘रॉ डिटेल्स’ चालवा. ही सोय अडोबीने फेब्रुवारी २०१९ मध्ये आणली. ती रंग भरण्याचं गणितच वेगळ्या पद्धतीने करते, त्यामुळे अळ्या बऱ्याच कमी होतात. मात्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर एकेका फोटोला बराच वेळ लागतो, म्हणून सरसकट सगळ्या फोटोंवर लावू नका, निवडक मोठ्या प्रिंटपुरती ठेवा. रात्रीच्या दशावताराचे किंवा पालखीचे फोटो असतील तर तिथलंच ‘डीनॉइझ’ वापरा, ते नॉइझ म्हणजे दाणेदारपणा काढतं. त्यात रॉ डिटेल्स आपोआप लागतं.

दशावतारावरून मेणाचे चेहरे. एक्स-टी१, एक्स-ई२, एक्स-टी१० या पिढीच्या जेपेगमध्ये आयएसओ ३२०० च्या पुढे त्वचा गुळगुळीत होते. कॅमेऱ्यातलं नॉइझ रिडक्शन -२ करा आणि असे फोटो रॉमधूनच काढा. रॉमधूनही चेहरा मेणाचा येत असेल, तर ल्युमिनन्स नॉइझचा स्लायडर तुम्हीच जास्त ओढला आहे.

आता एक हिशेब. २६ मेगापिक्सेलचा फोटो ६२४० × ४१६० पिक्सेलचा असतो. १२×१८ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने ५४०० × ३६०० पुरतात. म्हणजे न कापलेल्या फोटोची अल्बमच्या पानाएवढी प्रिंट काढताना तो लहानच होतो आणि अळ्या जवळपास विरून जातात. त्या खरोखर दिसतात जास्त क्रॉप केल्यावर आणि भिंतीएवढ्या प्रिंटवर. दोनशे टक्के झूम करून बघणारं गिऱ्हाईक नसतं, फोटोग्राफरच असतो.

तरीही सॉफ्टवेअर बदलायचं असेल

एकही रुपया न घालता आधी रॉथेरपी लावून बघा. ‘रॉ’ टॅबमध्ये डीमोझेइकसाठी, म्हणजे उरलेले रंग भरण्याच्या गणितासाठी, ‘३-पास’ निवडा आणि तिथलंच ‘कॅप्चर शार्पनिंग’ चालू करा. झावळ्यांचा तपशील लाइटरूमच्या ठरलेल्या सेटिंगपेक्षा स्वच्छ येतो. डार्कटेबलमध्ये ‘मार्केस्टाइन ३-पास’ हाच पर्याय आहे, पण ते शिकायला जड आहे आणि लग्नाच्या हजार फोटोंसाठी त्याची शिफारस करवत नाही.

पैसे घालायचे तर कॅप्चर वन. एक्स-ट्रान्सची पानं ते कुठलाही स्लायडर न हलवता चांगली काढतं आणि फुजीची सिम्युलेशन्सही त्यात मिळतात. जुन्या व्हिडिओंत सांगितलेली फुजीसाठीची फुकट ‘एक्स्प्रेस’ आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली, ती शोधत बसू नका. डीएक्सओ फोटोलॅबमध्ये एक्स-ट्रान्स पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून चालतं. रात्रीच्या फोटोंचा नॉइझ काढण्यात ते सरस आहे, पण त्यांच्या यादीत नसलेल्या बॉडीची रॉ ते उघडतच नाही. पैसे भरण्याआधी यादी बघा. लाइटरूम सोडायचं नाही आणि अळ्याही नकोत, अशांसाठी इरिडियंट एक्स-ट्रान्सफॉर्मर आहे. तो आरएएफची स्वच्छ डीएनजी करून देतो आणि पुढचं काम नेहमीसारखं लाइटरूममध्येच.

भाड्याच्या सॉफ्टवेअरला अधूनमधून इंटरनेट लागतं, आणि जुलैत केबल तुटली की आठवडा-आठवडा नेट येत नाही अशी गावं इथे आहेत. अडोबीच्या वार्षिक योजनेला ९९ दिवस नेटशिवाय चालतं, मासिक योजनेला ३०. पावसाआधी एकदा लॉगिन करून ठेवा.

चाचणी घेताना सगळीकडे तेच तीन फोटो वापरा: भातखाचर, सावलीतला चेहरा, रात्रीचा मंच. सगळीकडे शार्पनिंग आधी शून्यावर आणा, नाहीतर तुम्ही सॉफ्टवेअर नव्हे, त्यांची ठरलेली सेटिंग्ज तोलताय.

इथे थांबा

कार्ड लावल्यावर ‘कार्ड एरर’ किंवा ‘रीड एरर’ येत असेल तर त्यावर एकही फोटो काढू नका आणि फॉरमॅटही करू नका. कार्ड दिसतंय, फक्त फोटो चुकून पुसले गेलेत, एवढंच असेल तर फुकट मिळणारं फोटोरेक चालवा. सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढा, त्याच कार्डावर नाही. कार्ड तापतं किंवा मध्येच नाहीसं होतं, तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. प्रत्येक घरगुती प्रयत्नागणिक फोटो मिळायची शक्यता कमी होते.

लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. बाहेरून पुसून ती जात नाही, आणि लेन्स घरी उघडायची नाही. ती लेन्स बाकीच्या लेन्सपासून वेगळ्या डब्यात ठेवा आणि दुरुस्तीला द्या. प्रत्येक फोटोत त्याच जागी लाल-पांढरा ठिपका असेल तर आधी मेनूतलं ‘पिक्सेल मॅपिंग’ चालवा. एफ/१६ वर आभाळात काळे डाग दिसत असतील तर ब्लोअर मारा. दोन्हीनंतरही राहिलं तर सेन्सरला स्वॅब लावण्याचं धाडस नको. यूएसबी पोर्ट किंवा कार्डाच्या खोबणीत हिरवट गंज दिसला तर खरवडू नका. बॅटरी काढा आणि तशीच सर्व्हिस सेंटरला पाठवा.

पाठवताना पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी द्या: बिघडलेली मूळ आरएएफ, कॅमेऱ्यातल्या रॉ कन्व्हर्जनने बनवलेली जेपेग, आणि लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट केलेली जेपेग. कागदावर बॉडी, लेन्स, फर्मवेअरचा आकडा आणि कार्डाचं मॉडेल लिहा. हे नसेल तर ‘तपासलं, दोष आढळला नाही’ असा शेरा मारून कॅमेरा परत येतो आणि कुरिअरचे पैसे दोनदा जातात.